वासराच्या माथ्यावरची डबी

"भरला! लोटा भरला रे! या रे बापहो, पाहा, भरला!"

काकी टेकडीवरून ओरडत होती. तिचा आवाज असा, की मंगरूळपीरच्या स्टँडवर डुलक्या घेणाऱ्या कंडक्टरनं दचकून डबल बेल मारावी आणि रिकामी बस निघून जावी. खाली तांड्यात गाठोडी बांधणाऱ्या बायांचे हात थांबले. कोणीतरी ताट वाजवायला घेतलं. दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले, ज्यांनी आदल्याच आठवड्यात बांधावरून एकमेकांची सात पिढ्यांची विचारपूस केली होती.

मी काकीच्या बगलेखालून वाकून गुहेत शिरलो, कारण मला डबी पाहायची होती. डबी पाहिली आणि माझ्या अंगावर असा काटा आला, की शर्टाची दोन बटणं तुटली असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. बटण एकच तुटलं होतं, आणि ते आधीपासूनच सैल होतं. पण काटा आला होता, हे खरं.

लोटा म्हणजे काय, हे आधी सांगतो.

आमचा तांडा मानोऱ्याच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की तांड्यातली हातीपायी धड माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात. म्हातारी आणि शाळेतली पोरं मागं राहतात. पण ती राहणार कशावर, तर टेकडीच्या पायथ्याच्या झिऱ्यावर, मातीत खणलेल्या खड्ड्यात जे झिरपतं त्यावर. बोअर मारून झाले. त्यातून फक्त धूळ आली आणि एकातून, माझ्या डोळ्यांदेखत, शिंक ऐकू आली. नळाचे पाईपही आले. त्यात आता सरडे राहतात. टँकर येतो तो उन्हाळ्यात, आणि तोही आमच्या रस्त्याचं दर्शन घेऊन परत जातो. तेव्हा झिराच खरा. तो होळीपर्यंत टिकणार का, हे ठरतं वर गुहेत.

गुहा म्हणजे काळ्या दगडातली खोल कपार. आत माझ्या सवारीच्या जीपसारख्या दोन जीपा मावतील, एवढी जागा. छताला एक पांढरा टोकदार सड लोंबतो, गाईचा असावा तसा, आणि त्यातून थेंब पडतो. खाली थेंबाथेंबानं वाढलेला गुडघाभर उंचीचा पिवळट दगड आहे. वर गाय, खाली वासरू. आम्ही त्याला वासरूच म्हणतो. थेंब वासराच्या माथ्यावर पडतो, अंगावरून ओघळतो आणि त्याच्या पायाशी एक खोलगा आहे तिथं उतरतो. ट्रक निघायच्या आधी तांड्याचा पितळी लोटा घासूनपुसून दिवेलागणीला त्या खोलग्यात ठेवायचा, गुहेच्या तोंडाला बोरीचे काटे लावायचे. सकाळी लोटा गळ्यापर्यंत भरला, तर म्हातारी-पोरं राहणार. नाही भरला, तर झाडून सगळा तांडा ट्रकमध्ये. मागं कुत्रंसुद्धा राहत नाही. तेही ट्रकमागं पळत फाट्यापर्यंत येतं.

लोटा ठेवायचा आणि काढायचा मान माझ्या काकीचा. माझ्या थोरल्या चुलत्याची बायको ती. चुलता जाऊन जमाना झाला. तिचा मुलगा म्हणजे माझा चुलतभाऊ, सून आणि सुनेच्या कडेवरचं तान्हं हे तोडीला जाणार. काकी दोन शाळेतल्या नातवंडांसह मागं राहणार. दरवर्षीची रीत.

आणि डबी? डबी म्याडमची.

दोन उन्हाळ्यांमागं म्याडम माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "या भागात गुहा आहेत का? पाणी ठिबकणाऱ्या?" पुण्याकडच्या शिकलेल्या बाई, दगडांचा अभ्यास. आता, मला कोणी प्रश्न विचारला आणि मी 'हो' एवढंच म्हणून गप्प बसलो, असं मानोरा ते मंगरूळपीर मार्गावर आजवर घडलेलं नाही. मी म्हणालो, "आमची गुहा थेट समुद्राले निघते, म्याडम. माह्या पंजोबाची म्हैस आत गेलती. सहा महिन्यानं आली, तं तिचं दूध खारट! चहात साखर टाका, मीठ टाका, सारखंच."

म्याडमनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "समुद्रापर्यंत म्हैस चढावर गेली की उतारावर?"

तेव्हाच मी ओळखलं, ही बाई आपल्या तोडीची आहे.

गुहेत शिरल्यावर मात्र त्या म्हैस विसरल्या. वासरापुढं उकिडव्या बसल्या, बॅटरी लावली आणि कितीतरी वेळ नुसतं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, आपल्या काळ्या दगडात असा चुन्याचा खांब सहसा मिळत नाही. पावसाचं पाणी टेकडीतून झिरपताना दगडाच्या फटीतला चुना सोबत घेतं. इथं थेंब पडला की थोडासा चुना ठेवून जातं. वर्षाला कांद्याच्या सालीहून पातळ थर. पाऊस भरपूर झाला तर थर एक तऱ्हेचा, तुटपुंजा झाला तर दुसऱ्या तऱ्हेचा, आणि थेंबच थांबला तर थरही थांबतो, वर नुसती धूळ बसते. "या वासराच्या पोटात," त्या म्हणाल्या, "तुमच्या भागातले सगळे दुष्काळ एकावर एक रचून ठेवलेत. कोणी लिहिले नाहीत, कोणाला आठवत नाहीत, असेसुद्धा."

मला ते ऐकून थंडी वाजली. बाहेर ऊन असं होतं की डांबर रस्त्यावरून उठून सावलीत जाऊन बसलं होतं, आणि मला थंडी. जे कोणालाच आठवत नाही ते कुठंतरी शाबूत आहे, ही गोष्ट मला भुतापेक्षा वाईट वाटली. भुताला निदान नाव-गाव असतं.

म्याडमना वासरातून पेन्सिलीएवढी एक कांडी काढायची होती. तांडा बिथरला. "पायाले भोक पाडलं, तं वरचा सड नाई आटनार?" असं तांड्याच्या नायकानं विचारलं. म्याडमनी समजावलं, पाणी वरून येतं, खालच्या दगडाचा त्याच्याशी संबंध नाही. मी माझ्या परीनं भर घातली, की परदेशात एका वासराला अशी दहा भोकं पाडली आणि त्यातून दहा नद्या निघाल्या. शेवटी काकी म्हणाली, "काढू द्या. पन निम्मी परत आनून द्याची. वासराची हाये." म्याडमनी शब्द दिला. भोक पाडलं, तेव्हा काकी वासराच्या डोक्यावर हात ठेवून बसली होती, दाताच्या डॉक्टरकडं पोराला नेल्यासारखी. नंतर तिनं भोकात हळद आणि चुना भरला.

जाताना म्याडमनी वासराच्या माथ्यावर एक डबी बसवली. सुपारीच्या डबीएवढी. थेंब तिच्यावर पडला की आतला आकडा एकानं पुढं सरकतो. पाणी तसंच ओघळून खाली जातं. दर अमावस्येच्या सुमारास मी आकडा पाहायचा आणि फोनवरून कळवायचा. तांड्यात माझी चेष्टा झाली, "खोटारड्याले हिशेबनीस केला," म्हणून. आपण मनावर घेतलं नाही.

तर त्या सकाळी, काकी बाहेर ओरडत असताना, मी बॅटरीच्या उजेडात डबी पाहिली. आकडा जिथं होता तिथंच. मागच्या खेपेला कळवला होता, तोच.

डबी बिघडली असेल म्हणून मी बोटानं टिचकी मारली. आकडा एकानं पुढं गेला. डबी ठणठणीत होती.

मी वासराच्या माथ्यावर हात ठेवला. कोरडा. अंगावरून हात फिरवला, हाताला पिठासारखी भुकटी लागली. वर सडाला बोट लावलं. त्या सडाला मी लहानपणापासून हात लावत आलो. तो कायम ओला, गार, जितं जनावर असल्यासारखा. त्या दिवशी तो दगड होता. आणि खाली, वासराच्या पायाशी, खोलग्यातल्या लोट्यात गळ्याशी पाणी डुलत होतं.

मी बिबट्याला जीपमध्ये लिफ्ट दिल्याची गोष्ट लोकांना सांगतो. मसणवटीतून शिट्टी वाजवत जातो असंही सांगतो. पण त्या कोरड्या गुहेत त्या भरल्या लोट्यासमोर मी जो उभा होतो, तो मीच ओळखला नसता. वटवाघळांचा वास, पायाखाली भुसभुशीत माती, आणि ठिबक नाही. लहानपणापासून त्या गुहेत कानाला लागलेला एकच आवाज होता. तो बंद पडला तेव्हा कळलं, आजवर आपण तो ऐकत होतो.

मी लोट्यात बोट बुडवून चाटलं. गुहेचं पाणी ओठावर पांढरा डाग ठेवून जातं, जिभेला खडूसारखं लागतं. या पाण्याला दवाखान्याचा वास होता. ब्लीचिंग पावडर. असं पाणी आमच्याकडं एकाच जागी मिळतं, रस्त्यावरच्या गावच्या शाळेत, सिमेंटच्या टाकीत.

मागून काकीची सावली पडली.

"काय चाटून राह्यला बे?"

"काई नाई, काकी."

"मंग व्हय बाहीर. भरला म्हनलं ना म्या." असं म्हणून तिनं लोटा उचलला. थेंबही न सांडता, पदराखाली धरून, ती टेकडी उतरली.

खाली लोट्याला हळदकुंकू झालं. नायकानं दोन्ही हात जोडले. ट्रक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार होते. म्हाताऱ्यांची गाठोडी सोडायला सुरुवातही झाली. मी गर्दीत शिरलो आणि घसा खाकरून म्हणालो, "नायकबा, सड आटला हाये. डबीचा आकडा हालला नाई. लोट्यात पानी आलं ते वरून नाई आलं."

 मग जे हसू फुटलं, ते अजून माझ्या कानात आहे.

"समुद्रातून आलं असन मंग!" माझा चुलतभाऊ म्हणाला. "म्हशीनं आनलं काय रे?"

"चाखून पाह्यलं काय? खारट लागलं काय?"

"अबे, मी खरं सांगून राह्यलो!"

"तू बिबट्याचंबी खरंच सांगतलं होतं, भाऊ."

"वर चला माह्या संगं. सडाले हात लावून पाहा!"

नायक म्हणाला, "लोटा निघाल्यावर वर जाऊन सड चाचपाची रीत नाई आपल्यात. मायचं दूध मोजते काय कोनी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. झिऱ्यात अजून हातभर पाणी होतंच. कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. त्या वर्षी पाऊस आला होता, पण पाहुण्यासारखा. चहा घेऊन उठला. तरी झिरा दिसत होता आणि लोटा दिसत होता. न दिसणारी गोष्ट सांगणारा एकटा मी.

आयुष्यभर मी ज्या थापा मारल्या, त्यातली एकही कोणी अशी उडवून लावली नव्हती. लोक निदान ऐकायचे, 'मंग?' म्हणायचे. ही एक खरी गोष्ट होती, आणि तिला 'मंग?' म्हणणारा कोणी नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर संक्रांत येत होती. ट्रक गेलेले. तांड्यात नुसती म्हातारी आणि पोरं. झिऱ्याच्या तळाशी ओली माती, मग कोरडी माती. आणि रस्ता असा की मी जीपमध्ये ड्रम भरून आणले, तरी निम्मं पाणी वाटेतच सांडणार.

मी काकीच्या झोपडीत गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. कोपऱ्यात नातीची शाळेची पाण्याची बाटली, गुलाबी, वर मांजराचं चित्र असलेली, धुऊन उपडी घातलेली. शेजारी नातवाची निळी. दोन बाटल्यांत लोटा बरोबर भरतो. मी त्या बाटल्यांकडं पाहिलं, काकीनं माझ्याकडं पाहिलं.

"सांग मंग साऱ्याइले," ती म्हणाली.

"सांगतलं. हासले."

"हासतीनच. तुह्यं तोंडच तसं हाये."

"काकी, काहून केलं हे? संक्रांतीले झिरा आटन. तू अन् पोरं काय पेसान?"

ती भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

"तुहा काका गेला त्या वर्साले लोटा निम्माच भरला होता," ती म्हणाली. "तवा नवाच माह्याकडं आला होता तो मान. म्याच वरून वरडली, नाई भरला, चला म्हनून. माह्या तोंडानं सारे निंघाले. तुहा काका ताप अंगावर घेऊन निंघाला. तिथं उसाच्या पाचटावर निजला, तो निजलाच. परक्या नदीवर जाळला त्याले. राखबी आनली नाई, ट्रक थांबला नाई." तिनं करपलेली भाकरी बाजूला काढली. "काल काटे लावाच्या आंधीच म्या सडाले हात लावला. वाळून गेला होता. आता पुन्हा मी वरडू? पुन्हा माह्याच तोंडानं?"

मी निळी बाटली उचलली आणि पुन्हा उपडी घातली.  मग म्हणालो, "पन पानी?"

"येईन. वासरू हाये तवाची ते गाय हाये. आजलोक कधी पुरी आटली नाई. चार दिवस रुसली असन."

"अन् नाईच आली तं?"

"कधी आटली हाये काय? तू पाह्यली? तुह्या बापानं पाह्यली?" तिचा आवाज चढला, पण त्यात राग नव्हता. घाबरलेलं माणूस असं बोलतं. समोरच्यानं 'नाही' म्हणावं म्हणून. "तुह्या बाईकडं हाये ना वासराच्या पोटातलं. इचार तिले. तिनं सांगतलं का कधी आटली नाई, तं मी राहीन. आटली होती म्हनलं, तं..."

तिनं पिठाचा नवा गोळा हातात घेतला.

मी फाट्यावर जाऊन, चिंचेच्या ज्या एका फांदीखाली रेंज येते तिथं उभा राहून म्याडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, कांडी परत द्यायला मी येणारच होते. उद्या सकाळी निघते. मग विचारलं, "आकडा काय आहे?" मी सांगितला. "तो मागच्यापेक्षा एकानं जास्त आहे."

"ती माही टिचकी होती, म्याडम."

"म्हणजे माझ्या नोंदीत तुमचं बोट शिरलं," त्या म्हणाल्या. नेहमी त्या असं काही बोलून हसतात. त्या दिवशी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. ट्रक आले होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमले होते. म्याडम सरळ काकीच्या झोपडीत शिरल्या आणि पिशवीतून कापडात गुंडाळलेली कांडी काढली. उभी चिरलेली, निम्मी, घासून गुळगुळीत केलेली. काकीनं ती ओंजळीत घेतली आणि आधी कपाळाला लावली.

"आता दाखव, बाई."

म्याडमनी दाखवलं. हा बाहेरचा, वरचा भाग, म्हणजे आत्ताचा काळ. खाली जाल तसतसं जुनं. पांढऱ्या, दुधी, पिवळसर रेघा, एकमेकींना चिकटून, पोळीचे पदर असावेत तशा. हे पांढरे जाड पदर चांगल्या पावसाचे. हे पिवळे ओढीचे. काकी मान हलवत होती. तिचं बोट रेघांवरून हळूहळू खाली जात होतं. कांडीच्या मध्याच्या जरा वर तिचं नख अडकलं.

तिथं केसाएवढी एक तपकिरी रेघ होती. तिच्या खालचे पदर तिरके, वरचे वेगळ्याच दिशेनं.

"हे काय?"

म्याडमनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं: कोणी काय ओतलं, काय पणाला लागलंय. त्यांनी एखादा गोड शब्द बोलावा म्हणून मी डोळ्यांनी विनवत होतो, आणि न बोलावा म्हणूनही. त्या सरळ म्हणाल्या, "इथं थेंब थांबला होता, काकी. ही धूळ आहे."

"पुरा?"

"पुरा."

"किती दिवस? वर्स, दोन वर्स?"

"नाही. पिढ्या."

 काकी त्या रेघेवर नख तसंच ठेवून बसली होती. ती रेघ एवढी बारीक, की त्यात एक मुंगी मावली नसती. आणि तिच्यात म्हणे कितीतरी म्हातारे जन्मले, आशेनं वर पाहत राहिले आणि गेले, थेंब न पाहता. मी थापाड्या माणूस. समुद्र, म्हैस, दहा नद्या, काय वाटेल ते मी एका दमात उभं करतो. पण त्या रेघेएवढी मोठी गोष्ट मला कधी सुचली नव्हती. 

"भोक पाडल्यानं तं नाई आटली ना आता?" काकीनं विचारलं. आवाज असा, की 'हो' म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. भोक बुजवता येतं.

"नाही, काकी. पाऊस कमी झाला म्हणून."

"मंग ह्या टायमाची रेघ केवढी होईन?"

"ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही."

काकीनं विचारलं, "इथली मानसं कुठं गेली असतीन? ह्या रेघेतली?"

"ते दगडात नसतं," म्याडम म्हणाल्या.

काकी उठली. कांडी तिनं कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवली, मग लोटा उचलला. आम्हाला वाटलं झिऱ्याकडं निघाली. ती गेली तांड्याच्या मधोमध, जिथं नायक, ट्रकवाले, गाठोडी सोडून बसलेली म्हातारी, सगळी होती. तिनं लोटा उपडा केला. पाणी मातीत गेलं. मातीनं ते प्यायला एक श्वासही घेतला नाही.

आणि मग ती ओरडली. टेकडीवरून ओरडली होती तेवढ्याच जोरात, पण वेगळ्या गळ्यानं.

"रिकामा हाये! हे शाळेचं पानी होतं, म्या ओतलं होतं! सड आटला हाये! चला!"

कोणी हसलं नाही. चुलतभाऊ माझ्याकडं पाहायला लागला आणि मी जमिनीकडं. नायक एकटा टेकडी चढून गेला, रीत नव्हती तरी. उतरून आला तेव्हा त्याचा उजवा हात त्यानं पुढं धरला होता, बोटांना पांढरी भुकटी लागलेली. सगळ्यांनी ती पाहिली. सोडलेली गाठोडी पुन्हा बांधली गेली.

नातवंडं मी ठेवून घेतली. मंगरूळपीरला एक खोली केली. माझी बायको, माझी दोन, काकीची दोन, आणि मी दारात. काकीलाही म्हणालो, "तूबी राह्य." ती म्हणाली, "अन् तिकडं तान्ह्याले उसात कोन सांभाळन? सुनेच्या हातात कोयता राह्यते." ट्रकमध्ये चढायला तिनं फळी धरली. मी खालून आधार दिला, तेव्हा कळलं, ती सगळीच्या सगळी थरथरत होती, इंजिन चालू असल्यासारखी. ट्रकचं इंजिन तेव्हा बंद होतं.

मी अजून महिन्यातून एकदा वर जातो. तांड्यात कोणी नसतं. झोपड्यांची दारं बांधलेली, झिऱ्याच्या खड्ड्यात भेगा. वाटेत मी मोठमोठ्यानं बोलतो, स्वतःलाच थापा मारतो, गुहेच्या तोंडापर्यंत. आत शिरतो. बॅटरी लावतो, डबी पाहतो. एक टिचकी मारली तर आकडा पुढं सरकेल. एकच. मग काकीला जे सांगेन, ते आकड्यापुरतं खोटंही ठरणार नाही. बोट पुढं होतं. मी ते मुडपून खिशात घालतो आणि उतरतो.

काकीचा फोन येतो मुलाच्या फोनवरून, दुपारी, मोळ्या बांधून झाल्या की. मागं तान्हं रडत असतं, पाचट वाजत असतं. परवा आला. मी सुरू झालो, "काकी, तुह्या नातवानं काल असं गनित सोडवलं, असं सोडवलं, का मास्तरच चक्कर येऊन पडला, मंग हेडमास्तर आला, तो पडला, मंग..."

"आकडा सांग," काकी म्हणाली.

"तोच हाये."